खान्देशच्या उन्हात निसर्गाचे फोटो: साधा फोन आणि साधा कॅमेरा पुरतो

"आपल्याकडे फोटो काढण्यासारखं आहेच काय, ऊन आणि धूळ" असं म्हणणारे जळगाव-धुळ्यात पैशाला पासरी भेटतात, आणि हीच मंडळी महाबळेश्वरला गेली की मोबाईलची मेमरी भरेपर्यंत फोटो काढत बसतात. मला हे अजिबात पटत नाही. उत्तरेला अख्खा सातपुडा आहे, मधून तापी वाहते, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, मधल्या सपाटीवर काळी माती, केळी, कापूस, दादर ज्वारी, हरभरा, आणि पावसाळा सोडला तर बहुतेक दिवस मोकळं आकाश. अडचण खरी एकच आहे, ती म्हणजे आपलं ऊन. ते समजलं की निम्मं काम झालं, मग हातात पंधरा हजाराचा फोन असो नाहीतर कपाटात पडलेला जुना डिजिटल कॅमेरा असो, फोटो चांगलाच येतो. म्हणून सगळ्यात आधी उन्हाचंच बोलू, कॅमेऱ्याचं नंतर.

ऊन कधी कामाचं, कधी नाही

खान्देश साधारण २१ अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या थोडं खाली. त्यामुळे मे महिन्याच्या शेवटी दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच. असं वरून सरळ पडणारं ऊन फोटोसाठी सगळ्यात वाईट, कारण झाडाला, दगडाला, डोंगराला बाजूची सावली उरतच नाही आणि सगळं सपाट, पांढरट दिसतं. उलट डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम ४५ अंशावर असतो, म्हणजे तुमची सावली जवळपास तुमच्या उंचीएवढी पडते. म्हणून मी सगळ्यांना एकच साधा नियम सांगतो, घड्याळ बघू नका, स्वतःची सावली बघा. सावली तुमच्यापेक्षा लांब असेल तर फोन बाहेर काढा, आखूड असेल तर झाडाखाली बसून पाणी प्या.

या नियमाने गेलात तर हिवाळ्यात सकाळचे चार-पाच तास आणि संध्याकाळचे तेवढेच तास हाताशी येतात, पण मे महिन्यात सूर्य पावणेसहाच्या आसपास उगवतो आणि नऊ-सव्वानऊला खेळ संपतो. त्यातही सगळ्यात सुंदर ऊन सूर्य उगवल्यावरचा आणि मावळायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास. तेव्हाचा उजेड पिवळसर, मऊ आणि तिरपा असतो, मातीचं ढेकूळसुद्धा उठून दिसतं. सूर्य आपल्याकडे झपाझप वर चढतो, थंड देशातल्यासारखा तासन्‌तास क्षितिजाला टेकून राहत नाही, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधीच जागेवर पोचलेलं असावं लागतं. चहा पिऊन निघू म्हटलं की तो उजेड गेलाच समजा.

अजून एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात तुम्ही उभे असाल तर सातपुडा तुमच्या उत्तरेला असतो, म्हणजे डोंगराकडे तोंड केलं की सकाळचा सूर्य उजव्या हाताला आणि संध्याकाळचा डाव्या हाताला. दोन्ही वेळी डोंगरावर बाजूने ऊन पडतं, घळी आणि सोंडा एकेक करून मोजता येतील इतक्या स्पष्ट दिसतात. हिवाळ्यात तर सूर्य दिवसभर दक्षिणेकडेच कललेला असतो, त्यामुळे डोंगराची आपल्याकडची बाजू कायम उजेडात. एवढी सोय निसर्गाने करून ठेवलेली आहे, ती वापरायची.

फोनमध्ये काय बघायचं

पहिलं काम लेन्स पुसायचं. सांगताना मलाच कसंतरी होतं पण दहातले निम्मे "धुरकट" फोटो हे खिशातल्या घामाने आणि बोटाच्या तेलाने झालेले असतात. मऊ सुती रुमाल पुरे, शर्टाचं टोक नको कारण आपल्याकडे शर्टावर धूळ असतेच आणि धुळीने चरे पडतात. आधी फुंकर, मग पुसणं.

मग कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड चालू करा, दोन उभ्या दोन आडव्या रेघा येतात. याचा मोठा फायदा म्हणजे क्षितिज सरळ येतं. हतनूर धरणाच्या पाण्याचा फोटो तिरका आला की पाणी एका बाजूला सांडतंय असं वाटतं आणि मग कितीही सुंदर रंग असले तरी नजर तिथेच अडकते. क्षितिज मधोमध ठेवू नका, आकाश भारी असेल तर क्षितिज खालच्या रेघेवर ठेवा, जमीन भारी असेल तर वरच्या रेघेवर. प्रतिबिंब असेल तर मात्र मधोमध शोभतं.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, स्क्रीनवर जिथे फोकस हवा तिथे बोट टेकवा आणि मग बाजूला जे सूर्याचं छोटं चित्र किंवा पट्टी येते ती खाली ओढा. बोट दाबून धरलं तर बहुतेक फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही लॉक होतात. आपल्या उन्हात फोन हमखास फोटो जास्त उजळ करतो, म्हणून थोडं खाली ओढणं ही सवयच लावून घ्या. अंधारलेला भाग नंतर एडिट करून उजळता येतो, पण आकाश एकदा पांढरं फटक पडलं की त्यात परत काही आणता येत नाही.

आणि झूम. दोन बोटांनी स्क्रीन ताणून केलेला झूम म्हणजे नुसतं क्रॉप असतं, फोटो फुटतो. फोनला खरी दुसरी लेन्स असेल, दोन किंवा तीन एक्सची, तर ती बिनधास्त वापरा, नसेल तर चालत पुढे जा. पुढे जाता येत नसेल तर तो फोटो दुसऱ्या पद्धतीने विचार करून काढा, त्यावर पुढे पक्ष्यांच्या भागात बोलतो.

काळी माती आणि पांढरा कापूस

आता हे जरा सविस्तर, कारण हे एकदा समजलं की एक्स्पोजर नावाची भानगड, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते, कायमची सुटते.

कॅमेऱ्याला तुमचं शेत माहीत नसतं. त्याला एवढंच कळतं की समोर किती उजेड आहे, आणि तो सगळ्या चित्राचा मिळून एक मध्यम करड्यासारखा उजेड आणायचा प्रयत्न करतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापूस फुटलेल्या वावरात उभे राहा. आजूबाजूला काळी माती, हिरवी-तपकिरी पानं, आणि मधेच एक पांढरं शुभ्र बोंड. कॅमेरा बघतो की चित्र बरंच काळं आहे, म्हणून तो सगळंच उजळ करतो, माती राखाडी होते आणि बोंडाचा कापूस नुसता पांढरा ठिपका होऊन बसतो, त्यातले तंतू, चार-पाच पाकळ्यांमधली फट, खाली वाळलेली टोकदार तपकिरी कवचं, काहीच दिसत नाही. म्हणून बोट कापसावर टेकवा आणि पट्टी खाली ओढत जा, जोपर्यंत कापसाचे तंतू वेगवेगळे दिसायला लागत नाहीत तोपर्यंत. माती काळीकुट्ट होईल, होऊ द्या, आपली माती काळीच आहे. संध्याकाळी पाचच्या पुढे सूर्य बोंडाच्या बाजूला किंवा थोडा मागे राहील असे बसा, खाली बसा म्हणजे खरंच उकिडवे बसा, बोंडाच्या उंचीला फोन आणा. कापसाच्या कडेला पिवळसर झालर येते आणि मागचं अख्खं वावर अस्पष्ट होतं. उभं राहून वरून काढलेल्या फोटोत नि या फोटोत इतका फरक पडतो की बघणारा विचारतो कोणता कॅमेरा आहे म्हणून.

हाच हिशोब म्हशीच्या पाठीवर बसलेल्या गायबगळ्याला लागू. म्हैस काळी, बगळा पांढरा, बोट बगळ्यावर, उजेड खाली. डिजिटल कॅमेरा असेल तर त्यात अधिक-उणे लिहिलेलं बटण असतं, ते उणे एकच्या आसपास नेऊन बघा, तेच काम होतं.

उलटा प्रकारही आहे. पांढऱ्या धुक्यात कॅमेऱ्याला वाटतं फार उजेड आहे आणि तो फोटो काळवंडून टाकतो. तिथे पट्टी थोडी वर ओढायची. पावसाळ्यात सातपुड्यातल्या तोरणमाळला यशवंत तलावाजवळ धुकं उतरतं तेव्हा हे आठवायचं, नाहीतर सगळं मळकट राखाडी येतं.

केळीच्या बागेत

रावेर-यावलकडे राहणाऱ्यांना तर हे दाराशीच आहे. केळीचं पान समोरून ऊन पडल्यावर नुसतं चकाकतं, त्यात मजा नाही. पानाच्या मागे सूर्य ठेवा, म्हणजे तुम्ही पानाच्या सावलीत आणि ऊन पलीकडून. पान दिव्यासारखं पेटतं, मधल्या जाड दांड्यापासून निघालेल्या शेकडो समांतर शिरा दिसायला लागतात, वाऱ्याने फाटलेल्या पट्ट्यांमधून उजेडाच्या रेघा येतात. सूर्य थेट लेन्समध्ये येऊ देऊ नका, पानाच्या किंवा दांड्याच्या आड लपवा, अगदी कडेला जरासा डोकावला तर चालेल. बोट पानाच्या उजळ भागावर टेकवून उजेड खाली ओढायचा, हे आता सांगायला नको.

बाग निसवलेली, म्हणजे घड टाकायला लागलेली असेल तर केळफूल शोधा. त्याची जांभळट पाकळी वर उचलली जाते आणि खाली फुलांची रांग दिसते, सकाळी तिथे मधमाश्या नि शिंजीर म्हणजे आपले ते चिमुकले सूर्यपक्षी हमखास येतात. इथे घाई नको, फोन एका जागी टेकवून धरा, केळफुलावर फोकस लॉक करा आणि मधमाशी आली की बटण दाबून धरून बर्स्ट काढा, म्हणजे एका दमात पंधरा-वीस फोटो. त्यातला एखादा जमतो, बाकीचे त्याच दिवशी डिलीट करा नाहीतर फोन भरतो. आणि दुसऱ्याच्या बागेत शिरताना मालकाला विचारून, ठिबकच्या नळ्यांवर पाय न देता. "फोटू काढी राहना का भो?" म्हणून कोणीतरी येतंच, त्यांना फोटो दाखवा, मग तेच सांगतात कोणत्या ओळीत चांगला घड आहे आणि कुठे घरटं आहे.

अगदी जवळून काढायचं असेल, दव, किडा, फुलाचा परागकण वगैरे, तर एक लक्षात ठेवा की फोनची मुख्य लेन्स फार जवळ गेली की फोकस करत नाही. तेव्हा फोन वीतभर मागे घ्या आणि दोन एक्स करून काढा, स्वस्त फोनमधल्या वेगळ्या मॅक्रो लेन्सपेक्षा हे बहुतेक वेळा चांगलं येतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी हरभऱ्याच्या पानांवर थेंब असतात ते यासाठी उत्तम, पानाच्या बारीक लवेवर थेंब अडकलेले असतात. फक्त हरभऱ्याची आंब लेन्सला लागली तर लगेच ओल्या रुमालाने पुसा, ती आंबट असते आणि डागही सोडते.

सातपुडा इतका लहान का दिसतो

ही तक्रार सगळ्यांचीच. डोळ्यांना डोंगर केवढा मोठा वाटतो आणि फोटोत बारीकशी निळी रेघ. कारण फोनची नेहमीची लेन्स वाइड असते, ती जवळचं मोठं आणि लांबचं छोटं करते. उपाय दोन. एक तर दोन-तीन एक्सची लेन्स वापरा किंवा कॅमेऱ्याचा ऑप्टिकल झूम करा, म्हणजे एकामागे एक असलेल्या डोंगररांगा जवळ येतात. हिवाळ्यात सकाळी हवेत हलकं धुरकट असतं तेव्हा पहिली रांग गडद, दुसरी निळी, तिसरी फिकट, चौथी जवळजवळ आकाशात विरघळलेली असे थर दिसतात, ते झूममध्येच पकडता येतात.

दुसरा उपाय म्हणजे वाइडच ठेवायचं पण पुढ्यात काहीतरी आणायचं. बांधावरचा निंब, बैलगाडीची चाकोरी, गव्हाच्या ओंब्या, पाटाचं वळण. फोन गुडघ्याएवढ्या उंचीवर आणा, ओंब्या पुढे मोठ्या दिसतील, मागे डोंगर लहान असला तरी चालतो कारण आता चित्राला खोली आली. अल्ट्रा वाइड लेन्स मी फक्त तोरणमाळच्या सीताखाईसारख्या जागी वापरतो, जिथे दरी डोळ्यांत मावतच नाही. सपाट मैदानावर अल्ट्रा वाइडने नुसतं रिकामं आकाश आणि रिकामी माती येते.

पाणी, धबधबे

पावसाळ्यात पाटणादेवीचं केदारकुंड, यावल तालुक्यात मनुदेवीचा धबधबा, लळिंगचं कुरण, सगळीकडे गर्दी उसळते. पाण्याचा फोटो ढगाळ दिवशी चांगला येतो, उन्हात पाणी पांढरं फुटतं आणि झाडाखाली काळे-पांढरे चट्टे पडतात.

ते दुधासारखं मऊ पाणी हवं असेल तर शटर, म्हणजे कॅमेरा जितका वेळ उजेड आत घेतो तो वेळ, हळू लागतं, पाव सेकंद ते एक सेकंद. फोनमध्ये प्रो मोड असेल तर त्यात शटर एवढं ठेवा, आयएसओ, म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते, सगळ्यात कमी करा, आणि फोन दगडावर किंवा ट्रायपॉडवर टेकवून दोन सेकंदाचा टायमर लावा म्हणजे बोटाच्या धक्क्याने हलत नाही. आयफोनमध्ये लाइव्ह फोटो काढून नंतर लॉन्ग एक्स्पोजर निवडलं तरी होतं. तरीही फोटो जास्त उजळ येत असेल तर उन्हाचा गॉगल लेन्ससमोर धरा, खरंच धरा, उजेड कमी होतो. गॉगल पोलराइज्ड असेल तर तो हळूहळू फिरवत स्क्रीनवर बघा, एका कोनात ओल्या दगडावरची आणि पानांवरची चकाकी गायब होते आणि खरा हिरवा रंग वर येतो. पद्मालयच्या तळ्यात कमळं काढतानाही हा गॉगल कामाला येतो, फक्त कमळासाठी सकाळीच जा, ऊन चढलं की फुलं मिटायला लागतात.

डोंगरात वर पाऊस झाला की खाली कोरडं असतानाही पाणी अचानक वाढतं. पाणी गढूळ झालं किंवा काड्या-पानं वाहत यायला लागली की लगेच बाहेर निघायचं, फोटो राहू द्या. शेवाळलेल्या दगडावर पाठमोरं मागे मागे सरकत फ्रेम बघणं तर कधीच नाही.

पूर आला की हतनूरचे ४१ दरवाजे उघडतात त्याचे फोटो सगळेच काढतात, तेही छान आहेत, पण मला हतनूर हिवाळ्यात जास्त आवडतं, कारण तेव्हा तिथे पक्षी असतात.

पक्षी: फोनवाल्यांनी एक करायचं, झूमवाल्यांनी दुसरं

फोनने पक्ष्याच्या डोळ्यातली चमक टिपता येत नाही, हे मान्य करून पुढे जायचं. मग काय करायचं, तर पक्षी लहानच ठेवायचा आणि जागा मोठी करायची. विजेच्या तारेवर एकटा बसलेला नीलपंख आणि खाली मैलभर पसरलेली दादर, संध्याकाळी वडाकडे परतणाऱ्या बगळ्यांची माळ आणि मागे तांबडं आकाश, तापीच्या वाळूत एक टिटवी आणि तिची लांब सावली. असे फोटो मोठ्या लेन्सवाले काढतच नाहीत कारण त्यांचं लक्ष पिसांवर असतं.

ज्यांच्याकडे मोठ्या झूमचा एकसंध कॅमेरा आहे, म्हणजे लेन्स न बदलता येणारा, निकॉनच्या पी नऊशेसारखा ८३ एक्सवाला किंवा कॅननचा तसलाच एखादा जुना, त्यांनी एस किंवा टीव्ही लिहिलेला मोड लावायचा, त्यात शटरचा वेग आपण ठरवतो. बसलेल्या पक्ष्याला किमान १/२५० सेकंद आणि झूम पूर्ण ताणला असेल तर त्याहून बरंच जास्त, उडत्या पक्ष्याला १/१००० किंवा त्याच्या वर. फोकस डोळ्यावर. पूर्ण झूमवर दुपारी फोटो काढू नका, तापलेल्या जमिनीवरून गरम हवा उठते आणि कॅमेरा कितीही स्थिर धरला तरी लांबचा पक्षी वितळल्यासारखा येतो. हा दोष कॅमेऱ्याचा नसतो, हवेचा असतो, म्हणून सकाळ.

पक्ष्याकडे सरळ चालत जाऊ नका, तिरकं, थांबत थांबत जा, आणि शक्यतो खाली बसून. गाडीत बसूनच काच खाली करून काढलं तर अजून बरं, पक्षी माणसाला घाबरतात तेवढे थांबलेल्या गाडीला घाबरत नाहीत. इंजिन बंद करा, काचेवर टॉवेलची घडी ठेवून त्यावर कॅमेरा टेकवा.

आता जरा कळकळीने. आपल्या खान्देशात एक पक्षी आहे ज्यासाठी जगभरातले लोक येतात, रानपिंगळा. १८८४ नंतर तो कोणालाच खात्रीने सापडला नव्हता, संपला असंच धरलं होतं, आणि १९९७ साली पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो शहाद्याजवळच्या जंगलात परत दिसला. एकशे तेरा वर्षांनी! घुबडाच्या जातीचा असून दिवसाउजेडी हिंडतो, सागाच्या जंगलात राहतो. तो तुम्हाला दिसला तर भाग्य समजा, पण मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलवू नका. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत आला, तो शिकार सोडून, पिल्लं सोडून भांडायला येतो. कुठल्याही पक्ष्याच्या घरट्याजवळ जाऊन फोटो काढू नका, फांद्या बाजूला करून तर नाहीच, उघडं पडलेलं घरटं कावळ्याला लगेच दिसतं. यावल, अनेर, गौताळा ही अभयारण्यं आहेत, आत जायला वनखात्याची परवानगी घ्या, आणि परवानगीशिवाय ड्रोन उडवू नका. पाड्यांवर माणसांचे फोटो काढायचे असतील तर आधी गप्पा, मग "दादा, एक फोटो काढू का?", आणि नाही म्हटले तर नाही.

कोणत्या महिन्यात काय

फेब्रुवारी-मार्चमध्ये, होळीच्या आसपास, पळस आणि काटेसावर. पळसाचा केशरी-लाल रंग फोनला झेपत नाही, पाकळ्यांचा नुसता लाल गोळा होतो, तिथेही उपाय तोच, उजेड खाली. झाडाखाली उभे राहून निळ्या आकाशावर फुलं घ्या आणि थोडं थांबा, मैना, बुलबुल, कोतवाल रस प्यायला येतातच. एप्रिल-मेमध्ये बहावा, त्याचे पिवळे घोस मागून ऊन असताना बघा.

मे महिन्यात फोनचीही काळजी घ्या. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो आणि बऱ्याच फोनना ३५ अंशांपर्यंतच हवा सोसते, पुढे स्क्रीन आपोआप मंद होते, फ्लॅश बंद पडतो, कधी कॅमेराच बंद होतो. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ओल्या नव्हे तर कोरड्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवा, तापलाच तर फ्रीजमध्ये घालू नका, आत पाणी सुटतं.

जूनच्या सुरुवातीला वळवाचे ढग सातपुड्यावर चढतात तेव्हा वर्षातलं सगळ्यात नाट्यमय आकाश असतं, आणि एखादी सर येऊन गेली की हवेतली धूळ खाली बसते, डोंगर हाताच्या अंतरावर आल्यासारखे दिसतात. पण विजा असतील तर मोकळ्या वावरात नाही, झाडाखाली तर मुळीच नाही. घराच्या आतून खिडकीतून व्हिडिओ लावून ठेवा आणि नंतर त्यातली वीज चमकलेली फ्रेम काढून घ्या. जुलै ते सप्टेंबर हिरवळ, पण फोन हिरवा रंग फार भडक करतो, एडिट करताना थोडा कमी करा.

रात्री काढायचं असेल तर अक्राणी-तोरणमाळसारखा अंधार आपल्याकडे दुसरीकडे नाही. अमावस्येच्या आसपास, एप्रिल ते जूनच्या सुरुवातीपर्यंत, रात्री उशिरा दक्षिणेकडे आकाशगंगेचा दाट भाग वर येतो. नाइट मोड लावून फोन ट्रायपॉडवर ठेवला की काही फोन तीस सेकंदांपर्यंत उजेड गोळा करतात, हातात धरला तर दोन-तीन सेकंदांवर थांबतात. चंद्र मात्र पौर्णिमेला अगदी उगवतानाच काढा, तेव्हा जमिनीवरही थोडा उजेड असतो, नंतर चंद्र पांढरा दिवा होतो आणि जमीन काळी.

घरी आल्यावर

एडिटिंगला स्नॅपसीड पुरतं, फुकट आहे. आधी क्षितिज सरळ, मग क्रॉप, मग हायलाइट म्हणजे उजळ भाग थोडे कमी, शॅडो म्हणजे गडद भाग थोडे वर, बस. सॅच्युरेशनची पट्टी पूर्ण ओढून पाटणादेवीचं जंगल पोपटी करू नका, आपल्या सागाचा हिरवा वेगळा असतो, गवताचा वेगळा, ते तसेच राहू द्या.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून छोटा करतं, म्हणून एचडी निवडा किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फोटोसोबत जागेची माहितीही जाऊ शकते, त्यामुळे घुबड, घरटं, दुर्मिळ काही असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन आधीच बंद ठेवा आणि गावाचं नावही लिहू नका, तालुका लिहिला तरी खूप झालं. आणि वर्षातले आवडलेले थोडे तरी फोटो छापून घ्या. १२ मेगापिक्सेलचा फोटो १२ बाय ९ इंचापर्यंत अगदी स्वच्छ छापला जातो, फक्त दुकानात देताना मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्या, व्हॉट्सअ‍ॅपवरची नको, आणि चकचकीत कागदाऐवजी मॅट मागा, भिंतीवर लावल्यावर खिडकीचा उजेड त्यावर चमकत नाही.